ग्वांगझूला जाताय? चहा कसा घ्यायचा, पाकीट कसं द्यायचं आणि बाकीचं बरंच काही

मोगरी (धागाकर्ती)

कँटन फेअर, म्हणजे इथलं मोठं व्यापारी प्रदर्शन, जवळ आला की माझ्याकडे तेच तेच प्रश्न यायला लागतात. मी चीनमध्ये ग्वांगझूला सोर्सिंगचं काम करते, म्हणजे आपल्याकडून जे लोक माल बघायला येतात त्यांच्याबरोबर फॅक्टऱ्यांत आणि बाजारात हिंडायचं, भाव करायचा, जेवायला बसायचं, असं सगळं. फेअर १९५७ पासून चालू आहे, वर्षातून दोनदा भरतो, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर, तीन टप्प्यांत, पाझोउ भागातल्या त्या अवाढव्य हॉलमध्ये. माल, हॉल नंबर, बॅज वगैरे माहिती नेटवर ढीगभर आहे त्यामुळे ती इथे लिहीत नाही. माणसांशी वागायचं कसं यावर मात्र जे सापडतं ते एक तर बीजिंगच्या सरकारी मेजवान्यांवरून लिहिलेलं, नाहीतर जुनंच कुठूनतरी उचलून फिरवत ठेवलेलं.

ग्वांगझू दक्षिण चीनचं शहर, व्यापाऱ्यांचं. इथली बोली कँटनीज, खाणं वेगळं, आणि इथला माणूस कपड्यावरून ओळखायचा नाही. पायात सपाता आणि कमरेला किल्ल्यांचा जुडगा अडकवून भाजी आणायला निघालेला काका गल्लीतल्या दोन-तीन इमारतींचा मालक निघू शकतो, हा इथला नेहमीचा जोक आहे आणि तो पुष्कळदा खरा पण निघतो.

माझं मत आधीच सांगून टाकते म्हणजे वाद घालायला बरं. चॉपस्टिक धरता येत नाही, नाव चुकीचं उच्चारलं, वाकून नमस्कार केला (इथे कुणी वाकत बिकत नाही, ते जपानमध्ये) असल्या गोष्टी कुणी मनावर घेत नाही, तुम्ही परदेशी आहात, सगळं माफ. ज्याला माफी नाही ती गोष्ट एकच, चारचौघांत एखाद्याची शोभा करणं. बाकी सगळे नियम घोकण्यापेक्षा एवढं सांभाळलं तरी काम होतं.

आता चहा. सकाळी किंवा दुपारी कुणी 'यम चा'ला बोलावलं तर जाच, टाळू नका. नावाला चहा, प्रत्यक्षात डिमसमच्या (वाफवलेल्या-तळलेल्या छोट्या पदार्थांच्या) छोट्या छोट्या टोपल्या येत राहतात आणि दोन तास गप्पा. आधी विचारतात चहा कुठला, मग माणशी चहाचे पैसे लागतात, ते बिलात दिसले तर फसवलं असं समजू नका. पहिला गरम चहा पितच नाहीत! त्याने कप, वाटी, चमचा, चॉपस्टिक विसळायच्या आणि ते पाणी टेबलावर एक मोठं भांडं ठेवलेलं असतं त्यात ओतायचं. हल्ली भांडी प्लास्टिकमध्ये गुंडाळून सील करून येतात तरी विसळतात, हॉटेल घाण आहे असा त्याचा अर्थ नाही, सवय आहे. मग चहा आधी मोठ्यांना, मग बाकीच्यांना, स्वतःला सगळ्यात शेवटी. कुणी तुमच्या कपात चहा ओतत असेल तर दोन बोटं वाकवून कपाशेजारी टेबलावर हलकेच टकटक करायची, झालं, आभार मानून झाले, बोलणं तोडायची गरज नाही. गोष्ट अशी सांगतात की छ्यानलोंग बादशहा वेषांतर करून दक्षिणेत फिरत होता आणि त्याने स्वतःच्या हाताने नोकराला चहा ओतला, आता सगळ्यांदेखत पाया पडलं तर बिंग फुटणार म्हणून नोकराने बोटांनीच दंडवत घातला. खरं खोटं माहीत नाही पण गोष्ट झकास आहे. किटली रिकामी झाली की झाकण अर्धवट सरकवून ठेवा, वेटर पाणी भरून देतो, हाक मारावी लागत नाही.

बाकी विचारा, सुचेल तसं लिहिते.

टवाळखोर_टिंग्या

बोटांनी दंडवत 😂 आता ऑफिसात बॉसने डोनेशनचा डबा पुढे केला की मी पण असंच करणार. मस्त धागा, येऊ द्या अजून.

इचलचा_मागवाला

मोगरीताई एक नंबर. आम्ही कापडातले, झोंगदाच्या कापड मार्केटात जाणं असतं. माझा प्रश्न सरळ आहे. सॅम्पल एक दाखवतात आणि माल वेगळा येतो, रंग सुटतो, रुंदी कमी भरते. आपल्याकडं आपण फोन करून चार शिव्या घातल्या की समोरचा लायनीवर येतो. तिथं म्हणे आवाज चढवला की माणूस बोलायचाच बंद होतो? मग तक्रार करायची तरी कशी, पैसे तर आपले अडकलेले.

मोगरी

@इचलचा_मागवाला दादा, हेच तर. काउंटरवर बसलेल्या मुलीला सगळ्या गिऱ्हाइकांसमोर झापलंत तर ती हसेल. ते हसणं मजेचं नाही, अवघडल्याचं आहे, आपल्या लोकांना वाटतं वर तोंड करून हसते म्हणून मग हे अजून चढतात, आणि तिथे तो विषय मेला. त्यापेक्षा मालकाला किंवा मॅनेजरला बाजूला घ्या, चहा घेऊ द्या त्याला आधी, मग पास केलेलं सॅम्पल आणि आलेला माल शेजारी शेजारी टेबलावर ठेवा, वर मोजपट्टी ठेवा, आणि 'तू फसवलंस' न म्हणता 'आता हे कसं निस्तरायचं तुम्हीच सांगा' म्हणा. त्याला चूक कबूल न करता भरपाई द्यायची वाट ठेवायची, पुढच्या ऑर्डरमध्ये इतके मीटर जास्त, नाहीतर भाव कमी. तोंडाने सॉरी येणार नाही बहुतेक, मीटर येतील. तुम्हाला सॉरी हवंय का मीटर हवेत ते ठरवा.

आणि 'हो' म्हणाला म्हणजे मान्य केलं असं धरू नका. 'हो' म्हणजे ऐकलं. 'जरा अवघड आहे', 'विचारून सांगतो', 'आत्ता सोयीचं नाही' हे सगळे नकार आहेत. तिसऱ्यांदा तेच विचारून त्याला तोंडावर नाही म्हणायला लावू नका. महत्त्वाचं जे काय ठरेल ते वीचॅटवर (तिथलं व्हॉट्सअ‍ॅप, पैसेही त्यावरूनच देतात) चिनीत भाषांतर करून लगेच टाकायचं आणि आकडा लिहून घ्यायचा, म्हणजे दोघांचीही लाज राखली जाते आणि पुरावाही राहतो.

शंकेखोर

लेख चांगला आहे पण जरा जास्तच कौतुक वाटलं. मी गेलोय चीनला. लोक मोठमोठ्याने बोलतात, लिफ्टमध्ये बाहेर येणाऱ्याला येऊ देत नाहीत, रस्त्यावर खाकरून थुंकतात, तोंडाचा आवाज करत जेवतात, हाडं टेबलावर काढून ठेवतात. आणि मॅनर्स आपण शिकायचे?

निवृत्त_काका

शंकेखोर, थुंकण्यावरून आपण दुसऱ्याला नावं ठेवू नयेत हो, आमच्या सोसायटीचा जिना येऊन बघा एकदा.

मोगरी

काका 😀

@शंकेखोर तुम्ही म्हणता त्यातलं बरंचसं दिसतं, नाकारत नाही, थुंकणं मात्र पूर्वीपेक्षा खूपच कमी झालंय आणि तरुण मंडळींना त्याची तुमच्याइतकीच किळस येते. सूप आवाज करून पिणं आणि हाडं बाजूच्या ताटलीत किंवा ताटाशेजारी काढून ठेवणं हे मात्र असभ्य नाहीच, तिथली रीत आहे ती. उलट त्यांना काय खटकतं ते सांगू? आपण बोटं चाटतो ते. जेवताना जोरात नाक शिंकरतो ते. आणि टेबलावरच्या सामायिक बशीत स्वतःची उष्टी चॉपस्टिक घालून चांगला तुकडा शोधत उकरत बसतो ते. वाढायच्या चॉपस्टिक वेगळ्या असतात बहुतेक ठिकाणी, वेगळ्या रंगाच्या, त्या वापरा. उष्टं-खरकटं आपल्याला कुणी शिकवायला नको, पण परदेशात गेलं की लोक विसरतात.

भातात चॉपस्टिक उभ्या खोचून ठेवू नका, मेलेल्या माणसापुढे उदबत्त्या लावल्यासारखं दिसतं ते. अख्खा मासा आला तर वरची बाजू खाऊन झाली की उलटायचा नाही, काटा उचलून खालचं काढायचं, दर्यावर्दी लोकांची समजूत, मासा उलटला की होडी उलटते. हे आपल्या कोकणातल्या माणसाला लगेच पटतं असा माझा अनुभव.

पिठलंभाकरी

ताई मी पहिल्यांदाच येतेय, सासरे आणि नवरा फेअरला आणि मी फिरायला. आम्ही तिघंही शुद्ध शाकाहारी, सासरे तर चातुर्मासात कांदा-लसूणही खात नाहीत. खाखरे-ठेपले-मेतकूट बॅगेत असेलच पण कुणी जेवायला बोलावलं तर नाही म्हणणं वाईट दिसतं म्हणता, मग काय करायचं? नुसतं बसून राहायचं का समोरच्याचं ताट बघत?

मोगरी

अजिबात नाही. बोलावणं आलं की त्याच वेळी सांगायचं, टेबलावर बसल्यावर नाही. टेबलावर सांगितलंत तर यजमानाने आधीच मागवलेल्या दहा डिश फुकट आणि त्याची पंचाईत. आधी कळवलं तर तो स्वतः हॉटेलशी बोलून ठेवतो. आणि कारण धर्माचं सांगा, बौद्ध भिक्षूंसारखं आम्ही खातो म्हणा, लगेच कळतं. 'व्हेजिटेरियन' म्हटलं की त्यांना वाटतं भाजी आवडते, मग भाजी येते आणि त्यात चवीला किसलेलं डुकराचं मांस. ऑयस्टर सॉस हा दुसरा चोर, पालेभाजीवर ओततातच. चरबीत परतलेलं असतं, सूप हाडांचं असतं, आणि ग्वांगडोंगमध्ये, म्हणजे आमच्या या प्रांतात, जेवणाआधी तासन् तास उकळलेलं सूप हा मानाचा पदार्थ, तो आग्रहाने देणार. मुळ्याची चौकोनी वडी दिसते डिमसममध्ये, आपल्या लोकांना वाटतं वा कोथिंबीर वडीची बहीण, तिच्यात सुकट आणि सॉसेजचे तुकडे असतात बरं का.

सासऱ्यांसाठी देवळांच्या आसपासची बौद्ध शाकाहारी हॉटेलं उत्तम, तिथे कांदा-लसूणही नसतो. फक्त मेनूकार्डावर बदक, मासा, मटण सगळं दिसेल, ते सोया आणि ग्लूटेनचं केलेलं असतं, सासऱ्यांना आधी सांगून ठेवा नाहीतर ते उठून जातील. गोडात तीळ लावलेले तळलेले गोळे मिळतात, पण तेल कुठलं ते विचारा. आणि दुधाची एक वाटी मिळते, वर साय धरलेली, म्हशीच्या दुधाची, अगदी खरवस. तिच्यात अंड्याचा पांढरा भाग असतो, त्यामुळे तुम्ही नका खाऊ, अंडं खाणाऱ्यांनी सोडू नका.

यजमानाने तुमच्या ताटात काही वाढलंच तर तोंड वाकडं न करता तसंच राहू द्या. कुणी बळजबरी करत नाही. चहाचा कप उचलून त्याच्याकडे बघून हसा.

टवाळखोर_टिंग्या

ताट तसंच राहू द्या म्हणता पण आमच्या आजीने पान टाकलं तर उठू दिलं नाही कधी. मी एके ठिकाणी वाचलेलं की चीनमध्ये ताटात थोडं शिल्लक ठेवायचं नाहीतर यजमानाला वाटतं पाहुणा उपाशी राहिला.

मोगरी

ती जुनी गोष्ट झाली. २०२१ मध्ये त्यांनी अन्नाची नासाडी रोखायचा कायदाच केला, हॉटेलात 'ताट स्वच्छ करा'च्या पाट्या असतात. उरलेलं डब्यात भरून नेणं एकदम नॉर्मल, मोठमोठे मालक लोक नेतात. पण टेबलाच्या मधल्या डिश मात्र सगळ्या चाटूनपुसून संपल्या तर यजमान अजून मागवतोच, त्यामुळे तुमचं स्वतःचं ताट संपवा, मधल्याची काळजी करू नका.

हुआंगपूकाठी

मी शांघायला असते, थोडी भर घालते. जागा ठरलेली असते, दाराकडे तोंड करून यजमान आणि त्याच्या उजव्या हाताला मुख्य पाहुणा, त्यामुळे गेल्या गेल्या खुर्ची ओढून बसू नका, बसवतील तिथे बसा. ग्लास भिडवताना आपला ग्लास मोठ्या माणसाच्या ग्लासाच्या कडेपेक्षा जरा खाली धरायचा. कधीकधी दोघंही एकमेकांपेक्षा खाली नेत नेत टेबलापर्यंत पोचतात, बघायला मजा येते. दारूचं म्हणाल तर उत्तरेत, विशेषतः शानडोंगला, बायज्योउचा (तिथली कडक दारू) आग्रह जीवघेणा. माझ्या नवऱ्याला तिकडे क्लायंटकडे जायचं म्हटलं की आधी पोटभर खाऊन जातो. ग्वांगझूला तेवढं नाही ना?

मोगरी

नाही, इथे बरंच सोपं. चहानेच चिअर्स केलं तरी चालतं, 'दारूऐवजी चहा' असं म्हणायची त्यांची रीतच आहे. फक्त सुरुवातीलाच सांगा, दोन पेग घेऊन मग तिसऱ्याला नाही म्हणालात तर मग सुटका नाही.

बिलाचं राहिलं. ज्याने बोलावलं तो देणार. तुम्ही पाहुणे असाल तर एक-दोनदा हात पुढे करा, ओढाताण होऊ द्या, मग सोडून द्या आणि पुढच्या वेळी तुम्ही बोलवा. काही लोक हात धुवायला जातो म्हणून उठतात आणि गुपचूप काउंटरवर पैसे भरून येतात. टीटीएमएम करायचं नाही, ते फक्त तरुण मित्रमैत्रिणींत चालतं, ते लोक वीचॅटवर लगेच वाटून घेतात. टीप नाही. टेबलावर नोट ठेवून निघालात तर पोरगं मागे धावत येईल, तुमचे पैसे राहिले म्हणून.

इचलचा_मागवाला

गिफ्ट काय न्यावं? आम्ही दर दिवाळीला डीलरांना भिंतीवरची घड्याळं देतो कंपनीचा लोगो छापून, पन्नासेक शिल्लक आहेत ती न्यावीत म्हणतो.

हुआंगपूकाठी

नको!!! घड्याळ कुणाला भेट देणं म्हणजे त्याच्या अंत्ययात्रेला निघाल्यासारखं. ती पन्नास इचलकरंजीतच वाटा.

मोगरी

+१. घड्याळ नाही, पांढरी फुलं नाहीत, सुरी-कात्रीही नाही. केशर चालतं, काजू चालतात, चांगली खोकी हवीत, आत काय यापेक्षा खोकं कसं दिसतं याला इथे फार किंमत. एप्रिलच्या फेअरला येणारे हापूसची पेटी आणायचं म्हणतात, आणू नका, ताजी फळं आणि दुधाचे पदार्थ विमानतळावर कस्टमला चालत नाहीत, पेढेही त्यातच आले. दोन्ही हातांनी द्यायचं, समोरचा एक-दोनदा नको नको म्हणेल, ते खरं धरू नका, आणि त्याने तुमच्यासमोर उघडलं नाही तर आवडलं नाही असंही समजू नका. घरी गेलात तर चपला बाहेर, ते आपलंच.

आणि पाकिटांबद्दल नीट वाचा, कारण यात मराठी माणूस हमखास गोत्यात येतो. चिनी नवीन वर्षाच्या सुमारास आलात तर लाल पाकिटं द्यावी लागतात, इथे त्यांना 'लाय सी' म्हणतात. लग्न झालेल्यांनी बिनलग्नाच्यांना द्यायचं, मालकाने नोकरांना, आणि आपल्या बिल्डिंगच्या वॉचमनला, सफाईवाल्या मावशींना. रक्कम ग्वांगझूत अगदी छोटी, दहा-वीस युआन, सगळ्या चीनमध्ये यावरून या लोकांची थट्टा होते पण त्यांना त्यात काही वाटत नाही, शकुनाला महत्त्व. नोट करकरीत कोरी हवी. आणि आकडा सम हवा, चार मात्र नको. आपण काय करतो, वर एक रुपया लावतो, एकशे एक, पाचशे एक. तसं विषम पाकीट तिकडे मयताच्या घरी देतात! लग्नाच्या जेवणाला कुणी कौतुकाने १०१ युआन घातले तर काय होईल विचार करा.

निवृत्त_काका

बापरे. हे कुठेच वाचलं नव्हतं. म्हणजे आपला शुभ तो त्यांचा अशुभ.

टवाळखोर_टिंग्या

काका म्हणून तर त्यांच्या बिल्डिंगीत चौथा मजला नसतो आणि आपल्यात चतुर्थीला मोदक.

सोलापुरी_चादर

अवांतर होईल थोडं पण लिहितोच. १९३८ साली काँग्रेसने जे पाच डॉक्टर चीनला पाठवले ते सप्टेंबरात याच शहरातून पुढे गेले, कँटन म्हणायचे तेव्हा. त्यात आमच्या सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे चोळकर. कोटणीस तिकडेच डिसेंबर १९४२ मध्ये गेले, फक्त बत्तीस वर्षांचे. तिथल्या लोकांना अजून आठवण आहे का हो, की आपणच आपलं म्हणतो?

मोगरी

अवांतर कसलं, कामाचंच आहे. म्हाताऱ्या लोकांना भारत म्हटलं की 'के दीहुआ' आठवतात, ते कोटणीसांचं चिनी नाव. तरुणांना आमीर खान. मी सोलापूर माझ्या आजोळपासून जवळ आहे म्हटलं की एका म्हाताऱ्या फॅक्टरी मालकाचा सूरच बदलला होता, भाव मात्र बदलला नाही 😀 तर सांगायचं म्हणजे हे नाव माहीत असू द्या, कुणी काढलं आणि तुम्ही कोण कोटणीस असं केलंत तर मराठी माणसाला शोभत नाही.

बोधिधर्मही दक्षिण भारतातून समुद्रमार्गे इथेच उतरले अशी परंपरा आहे, लिवान भागात हुआलिन मंदिर आहे त्या जागेशी त्यांचं नाव जोडतात, शेजारी जेडचं मार्केट. देवळात जाताना उंबऱ्यावर पाय द्यायचा नाही, ओलांडायचा. भिक्षूंचे फोटो न विचारता काढायचे नाहीत.

दुकानांत पण बघा, दाराशी जमिनीलगत छोटं लाल देव्हारं असतं, उदबत्ती आणि संत्री ठेवलेली, तो भूमीदेव. आपले लोक त्याच्यावर सॅम्पलची बॅग टेकवतात. नका हो.

शंकेखोर

सीमेबद्दल कुणी विचारलं तर? गलवान वगैरे. गप्प बसायचं?

मोगरी

सहसा कुणी काढत नाही. टॅक्सीवाल्याने काढलंच तर 'वरचे बघून घेतील, आपण धंदा करू' एवढं म्हणा, तो पण हेच म्हणतो. तैवान, तिबेट, तियानानमेन हे विषय तुम्ही स्वतःहून काढू नका. हा घाबरायचा प्रश्न नाही, समोरचा अडचणीत येऊ शकतो, त्याला तिथेच राहायचंय. पोलीस-सैन्याचे फोटो नाहीत.

त्याउलट तुमचं वय किती, लग्न झालं का, पगार किती, मुलं किती, हे पहिल्या दहा मिनिटांत विचारतील. आपल्या रेल्वेच्या डब्यातही हेच विचारतात, चिडू नका. पगार सांगायचा नसेल तर 'पोट भरतं' म्हणा.

पिठलंभाकरी

आणखी काही छोट्या गोष्टी? पैसे, मेट्रो, फोन? आणि ते टॉयलेट...

मोगरी

झटपट लिहिते.

निघण्याआधी भारतातूनच अलीपे (फोनवरून पैसे द्यायचं अ‍ॅप) आणि वीचॅट टाकून कार्ड जोडून घ्या, पासपोर्टने. वीचॅटला नवीन खातं उघडताना कधीकधी आधीपासून खातं असलेल्या माणसाने कोड स्कॅन करून ओळख द्यावी लागते, ते कुणाकडून तरी आधीच करून घ्या. बँकेचा ओटीपी तुमच्या भारतीय नंबरवर येणार, सिम चालू ठेवा. व्हॉट्सअ‍ॅप, गूगल तिथल्या वायफायवर चालत नाही, भारतीय सिमच्या रोमिंगवर चालतं.

व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी द्या-घ्या, पण हल्ली सगळे वीचॅटचाच कोड पुढे करतात, लहानाने मोठ्याचा स्कॅन करायचा. तिकडे गुड मॉर्निंगची फुलं पाठवू नका. मिनिट मिनिटभराचे व्हॉइस मेसेजही नकोत, कामाच्या माणसाला फार राग येतो. आणि तो साधा स्मायली, हलकं हसणारा, तरुण पोरांना तो टोमणा वाटतो, दात दाखवणारा टाका.

दुपारी बारा ते दोन फोन करू नका, ऑफिसचे दिवे बंद करून लोक टेबलावर डोकं ठेवून झोपतात, अगदी घडीची कॉट काढून.

मेट्रोत प्रत्येक स्टेशनवर बॅग मशीनमधून जाते, वाद नको. स्पीकरवर गाणी-व्हिडिओ चालत नाहीत.

टॉयलेट भारतीय पद्धतीचं असतं बरेचदा, सासऱ्यांना बरंच पडेल, पण पाणी नसतं आणि कागदही नसतो. टिश्यूचं पाकीट आणि एक रिकामी बाटली पर्समध्ये कायम.

हॉटेलात पाणी मागितलं की गरम येतं. थंड हवं असेल तर विकत घ्या.

इचलचा_मागवाला

बाजारात भावाचं एक विचारायचं राहिलं. ती बाई अंगठा आणि पहिलं बोट दाखवत होती, मी म्हटलं दोन युआन, लई खूश झालो.

हुआंगपूकाठी

ते आठ 😂 अंगठा आणि करंगळी म्हणजे सहा. तीन बोटांची टोकं एकत्र म्हणजे सात. पहिलं बोट आकड्यासारखं वाकवलं की नऊ. दोन्ही हातांच्या बोटांची फुली म्हणजे दहा. तरी कॅल्क्युलेटर पुढे करा, सगळे तेच करतात.

मोगरी

हो, आणि कॅल्क्युलेटरवर तिने टाकलेला आकडा एकदम अर्धा करून वर हसू नका. होलसेल मार्केटात किती नग घेणार हे आधी सांगा, भाव त्यावर ठरतो. घ्यायचंच नसेल तर उगाच घासाघीस करून तिचा वेळ खाऊ नका, आणि तुमचा आकडा तिने मान्य केला की मग मागे फिरायचं नाही. त्या गल्लीत पुन्हा जायचं असतं आपल्याला.

निवृत्त_काका

माझा मेव्हणा तिकडे नोकरीला आहे. पुढच्या महिन्यात कोलकात्याहून ग्वांगझूची थेट फ्लाइट घेतोय, परत सुरू झालीय ना आता. हॉटेल न घेता त्याच्याच घरी उतरणार आहे, काही वेगळं करावं लागतं का?

मोगरी

काका, हे महत्त्वाचं. हॉटेलात उतरलात तर तेच नोंद करतात. घरी राहणार असाल तर पोचल्यापासून २४ तासांच्या आत जवळच्या पोलीस चौकीत नोंदणी करावी लागते. तुमचा पासपोर्ट, मेव्हण्याचा पासपोर्ट आणि त्याच्या घराचा भाडेकरार घेऊन दोघांनी जा. काही भागांत ऑनलाइनही होतं, मेव्हण्याला त्याच्या सोसायटीच्या ऑफिसात विचारायला सांगा. आणि मूळ पासपोर्ट बाहेर पडताना जवळ ठेवा, झेरॉक्स चालत नाही.

निवृत्त_काका

धन्यवाद, मेव्हण्याला आत्ताच कळवतो. त्याने स्वतः काही सांगितलं नव्हतं बरं का यातलं.

पिठलंभाकरी

ताई ते शाकाहाराचं चिनीत लिहिलेलं कार्ड व्यनि (खाजगी निरोप) कराल का? दोन करा, एक सासऱ्यांचं कांदा-लसूण वगळून.

मोगरी

केलंय. सासऱ्यांच्या कार्डावर ऑयस्टर सॉस आणि हाडांचं सूप वेगळं लिहिलंय. लॅमिनेट करून घ्या, ऑक्टोबरात पण घाम येतो इथे.